सहा दिवसांची विलायत

पाजूच्या इंग्लिश व्हिलेजच्या दारात स्टोनहेंज उभं आहे. अर्थात खरं नव्हे, इंग्लंडमधल्या त्या प्राचीन दगडी वर्तुळाची नक्कल. ते ओलांडून आत गेलं की रस्त्यात ट्रामचे रूळ दिसतात, दोन्ही बाजूंना युरोपातल्या एखाद्या जुन्या गावातल्यासारख्या इमारती, टाउन हॉल, बँक, पोस्ट ऑफिस, पोलीस चौकी. आणि हे सगळं दक्षिण कोरियात, उत्तर कोरियाच्या सीमेपासून काही किलोमीटरवर. सोलच्या हाप्जॉन्ग स्टेशनाहून २२०० नंबरची बस पकडली की ती नदीकाठच्या ज्या हमरस्त्यानं जाते, त्याचं नाव 'जायू-रो', म्हणजे स्वातंत्र्य मार्ग. त्या रस्त्याच्या एका बाजूला काटेरी तारांचं कुंपण आहे आणि मधूनमधून पहारेकऱ्यांच्या चौक्या. युद्धाच्या भीतीनं बांधलेल्या कुंपणाशेजारून जात जात पोरं इंग्रजी शिकायला जायची, एका आठवड्यासाठी.

तुम्ही कोरियन रिअ‍ॅलिटी शो बघत असाल, तर ही जागा कदाचित तुम्ही नकळत पाहिलीही असेल. 'प्रोड्यूस १०१'मधले होतकरू गायक-गायिका ज्या वसतिगृहात एकत्र राहून सराव करायचे, ते इथलंच. पण ही जागा बांधली होती शाळकरी मुलांसाठी. ३ एप्रिल २००६ ला ती सुरू झाली. क्षेत्रफळ साधारण ६८ एकर, खर्च ८० अब्ज वोनच्या पुढे, म्हणजे त्या वेळच्या दरानं पावणेचारशे कोटी रुपयांच्या आसपास. हा पैसा कुठल्या खासगी कंपनीचा नव्हता. सोलला वेढून असलेल्या ग्यॉन्गी प्रांताच्या सरकारनं तो घातला होता.

मी २०१९ च्या वसंतात कोरियन शिकायला सोलला गेले होते. तिथली विद्यापीठं परदेशी लोकांसाठी दहा आठवड्यांचे, २०० तासांचे वर्ग चालवतात, तसल्या एका वर्गाला. म्हणजे मीसुद्धा अल्पमुदतीत भाषेच्या पाण्यात ढकललेली. भाषेची देवाणघेवाण करायला एक मुलगी भेटायची. ती मला कोरियन शिकवणार, मी तिच्याशी इंग्रजी बोलणार. मी मोठी, म्हणून मला 'ओन्नी' म्हणायची. आठवीच्या वयात, २००७ साली, ती शाळेबरोबर पाजूला राहून आली होती. दारावर इमिग्रेशनची खिडकी होती, हातात खोटा पासपोर्ट होता, नाव काय, कशाला आलात, किती दिवस राहणार, हे सगळं इंग्रजीत विचारलं गेलं. मग बँकेत जाऊन खोटे पैसे घ्यायचे, दुकानात खर्च करायचे, चौकीत जाऊन हरवलेल्या बॅगेची तक्रार द्यायची. आत कोरियन बोलायचं नाही, हा नियम.

"मग आलं इंग्रजी?" मी विचारलं. ती हसली. म्हणाली, "ओन्नी, सहा दिवसांत?"

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. कारण तो आपल्याकडेही आहे. मे महिना आला की आमच्या साताऱ्यात विजेच्या खांबांवर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'चे कागद चिकटतात. आता त्यात थंड हवेच्या ठिकाणच्या 'इंग्लिश कॅम्प'ची भर पडली आहे. दहा दिवस, मराठी बंद, फी आगाऊ. ज्यांना परवडतं ते पाठवतात, ज्यांना नाही त्यांना रुखरुख लागते. कोरियानं हीच रुखरुख सरकारी खर्चानं मिटवायचा प्रयत्न केला, म्हणून मला त्या देशाची ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

नव्वदच्या दशकात तिथलं सरकार 'जागतिकीकरण' हा शब्द घोषणेसारखा वापरू लागलं. १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आलं. (आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. मी त्याआधीच्या, पाचवीला एबीसीडी गिरवणाऱ्या पिढीतली.) त्याच १९९७ च्या शेवटी आशियाई आर्थिक संकटानं कोरियाला गाठलं. नोकऱ्या गेल्या, आणि उरलेल्या नोकऱ्यांसाठी इंग्रजीच्या परीक्षेतले गुण हे चाळणीसारखे वापरले जाऊ लागले. 'हागवॉन', म्हणजे तिथले खासगी क्लास, रात्री उशिरापर्यंत भरायचे. ज्यांच्याकडे आणखी पैसा होता, त्यांनी मुलांना थेट परदेशात धाडलं. आई मुलांबरोबर अमेरिकेत किंवा कॅनडात, बाप सोलमध्ये एकटा, पगार पाठवत. अशा बापांना कोरियन भाषेनं नाव दिलं 'गिरॉगी आप्पा', रानहंस बाबा. रानहंसाची जोडी तिथं लग्नातल्या निष्ठेचं प्रतीक मानतात, आणि हा पक्षी लांब लांब उडत जातो. विमानाचं तिकीट काढून वर्षातून एकदा पोरांना भेटायला जाणाऱ्या बापासाठी याहून नेमकं आणि याहून केविलवाणं नाव सुचणं कठीण. २००६ या एका वर्षात शाळकरी वयातली २९ हजारांहून जास्त मुलं शिकायला देशाबाहेर गेली. तो आकडा पुढं पुन्हा कधी तितका वर गेला नाही.

ग्यॉन्गीचे तेव्हाचे गव्हर्नर सोन हाक-ग्यू यांचं म्हणणं साधं होतं: श्रीमंताच्या पोराला विलायत परवडते, गरिबाच्या पोराला विलायतच इथं आणून देऊ. २००४ च्या ऑगस्टमध्ये आन्सानला पहिलं इंग्लिश व्हिलेज सुरू झालं. डिसेंबरात सोल शहरानं स्वतःचं काढलं. मग पाजू, आणि २००८ मध्ये याँगप्याँग. तोवर देशभरातल्या शहरांना आणि जिल्ह्यांना आपापलं व्हिलेज हवं झालं होतं. निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाला दाखवायला इमारतीसारखी गोष्ट नसते, हे काय आपल्याला कुणी सांगायला हवं!

पण 'इथं आलात की फक्त परकी भाषा बोलायची' ही युक्ती कोरियात २००४ साली जन्मली असं समजू नका. ती किमान १४४२ सालची आहे, आणि ज्या राजाच्या काळातली आहे त्याचं नाव वाचून मी चाट पडले होते. तो राजा सेजोंग. कोरियन भाषेला स्वतःची लिपी, हंगुल, देणारा. सोलच्या मुख्य चौकात ज्याचा सोनेरी पुतळा बसला आहे, तो.

तेव्हा दुभाषे तयार करणारं एक सरकारी खातं होतं, सायॉगवॉन. तिथं चिनी, मंगोल, जपानी अशा भाषा शिकवत. चीनशी व्यवहार म्हणजे राज्याच्या जिवाचा प्रश्न, दुभाषा अडखळला तर घोटाळा. १४४२ मध्ये या खात्याच्या वरिष्ठांनी राजाकडे तक्रार नेली, आणि ती दरबाराच्या इतिवृत्तात नोंदलेली आहे. तक्रारीचा मथितार्थ असा की, इथं दहा दहा वर्षं चिनी शिकलेल्यांपेक्षा वकिलातीबरोबर दोनेक महिने चीनला जाऊन आलेला माणूस बरं बोलतो. कारण तिकडं कानावर आणि तोंडात चिनीच असते, इथं मात्र पुस्तकापुरती चिनी आणि एरवी दिवसभर आपलीच भाषा. उपाय काय सुचवला? खात्याच्या आवारात पाऊल टाकलं की फक्त चिनी. वरिष्ठांशी बोलताना, जेवताना, उठता-बसता. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि त्याप्रमाणे शिक्षा वाढवायची, विद्यार्थ्यांना दर चुकीमागे छडी. राजानं मान्यता दिली.

दहा वर्षं शिकूनही बोलता येत नाही, ही ओळ आजच्या कोरियन पालकाच्या तोंडची आहे. आपल्याही.

सायॉगवॉनचं एक पाठ्यपुस्तक मला फार आवडतं, 'नोगॉल्दे'. घोडे, जिनसेंग आणि कापड विकायला बीजिंगकडे निघालेले कोरियन व्यापारी वाटेत चिनी माणसाला भेटतात, आणि मग पुस्तकभर त्यांचं बोलणं. सरायत जागा मागायची, घोड्यांना चारा, भाव करायचा, खोटं नाणं परत करायचं. पाजूच्या बँकेत आणि दुकानात मुलांकडून जे वदवून घेत, ते हेच. फरक इतकाच, की 'नोगॉल्दे' शिकणाऱ्याला खरोखर त्या वाटेनं बीजिंगला जायचं असायचं. सराय खरी होती, नाणं खरोखर खोटं निघण्याची शक्यता होती. पुढे १६८२ मध्ये याच खात्यात 'उओचॉन्ग' नावाचा केवळ संभाषणाचा विभाग निघाला. तिथं जन्मानं चिनी असलेले शिक्षक नेमले होते आणि आत कोरियन बोलायला बंदी होती. जन्मभाषक शिक्षक, एकभाषी आवार, व्यवहारातले संवाद. इंग्लिश व्हिलेजचा सगळा नकाशा सव्वातीनशे वर्षं आधी तयार होता. सायॉगवॉनमधली शिकवण मात्र वर्षानुवर्षांची होती, मधूनमधून परीक्षा होत्या आणि शेवटी नोकरी होती.

इंग्रजीची पाळी आली १८८० च्या दशकात. अमेरिकेशी तह झाल्यावर दुभाषांची गरज पडली. १८८६ मध्ये राजा गोजोंगनं 'युग्यॉन्ग गोंगवॉन' ही सरकारी शाळा काढली आणि तिच्यासाठी अमेरिकेहून तीन तरुण शिक्षक बोलावले: होमर हल्बर्ट, डेल्झेल बंकर आणि जॉर्ज गिल्मोर. शिक्षकांना कोरियन येत नव्हतं, विद्यार्थ्यांना इंग्रजी. म्हणजे आपोआपच पाण्यात ढकललेले. पण विद्यार्थी होते तरुण अधिकारी आणि बड्या घरांतली मुलं. सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर त्यांची गोडी कमी झाली, आणि १८९४ मध्ये शाळा बंद पडली.

त्या शाळेत भाषेत खरा बुडाला तो शिक्षक. हल्बर्ट कोरियन शिकला, हंगुलच्या प्रेमात पडला, आणि १८९० च्या आसपास त्यानं 'सामिन पिल्जी' हे जगाच्या भूगोलाचं पाठ्यपुस्तक निव्वळ हंगुलमध्ये लिहिलं. तेव्हा कोरियातली शिकलेली मंडळी चिनी अक्षरांत लिहिण्यातच प्रतिष्ठा मानत होती. इंग्रजी शिकवायला आलेल्या परदेशी माणसानं कोरियन मुलांना त्यांच्याच लिपीत जग दाखवलं. पुढे जपानविरुद्ध कोरियाची बाजू मांडत तो जगभर फिरला, १९४९ मध्ये पुन्हा सोलला आला आणि आल्यावर आठवड्याभरात वारला. त्याची कबर यांगह्वाजिनच्या परदेशी लोकांच्या दफनभूमीत आहे, हाप्जॉन्ग स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पाजूची बस जिथून सुटते, तेच हाप्जॉन्ग.

मधला काळ मात्र भरभर ओलांडून जाण्यासारखा नाही. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९३८ मध्ये शाळांत कोरियन हा विषय ऐच्छिक झाला, आणि काही वर्षांत तो जवळजवळ नाहीसाच झाला. 'राष्ट्रभाषा' म्हणजे जपानी, ती सदासर्वकाळ बोलायची. १९४० पासून नावंही जपानी घ्यायला लावली. काही शाळांत मुलांना चिठ्ठ्या वाटत. कुणी कोरियन शब्द उच्चारला की दुसऱ्यानं त्याची चिठ्ठी काढून घ्यायची, ज्याच्या चिठ्ठ्या संपल्या त्याला शिक्षा. मुलंच मुलांवर पहारेकरी. १९४२ मध्ये कोरियन शब्दकोशाचं काम करणाऱ्या अभ्यासकांची धरपकड झाली. त्यातले दोघे, ई युन-जे आणि हान जिंग, तुरुंगात मेले. सेजोंगच्या दरबारातल्या त्या तक्रारीला तेव्हा बरोबर पाचशे वर्षं झाली होती. तिथंही आवारात आपली भाषा बंद होती, पण आवाराबाहेर पडलं की ती होतीच. १९४२ मध्ये आवाराला बाहेर उरलं नव्हतं.

जपान्यांची ही सक्तीची शाळा भाषा शिकवण्यात यशस्वी झाली, हेही कबूल करायला हवं. त्या पिढीतल्या शिकलेल्या कोरियन माणसांना म्हातारपणीही जपानी येत असे. त्याची किंमत काय होती ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या कित्येक इंग्रजी शाळांत आजही वर्गात मराठी बोललं की दंड असतो, कधी दहा रुपये, कधी गळ्यात पाटी. तसला दंड ठोकणाऱ्यांना त्या चिठ्ठ्यांची गोष्ट ठाऊक असती तर बरं झालं असतं.

आता वेळेचं गणित. मुलांना परक्या भाषेत 'बुडवून' शिकवण्याची आधुनिक पद्धत ज्या प्रयोगानं नावारूपाला आली, तो १९६५ मध्ये कॅनडातल्या माँट्रिअलजवळ सेंट लँबर्ट इथं झाला. इंग्रजी घरांतल्या पालकांनी आग्रह धरून बालवाडीपासून मुलांना फ्रेंचमधून शिकवायला लावलं. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजीही बिघडलं नाही. पण हे झालं रोज, वर्षानुवर्षं, गणित आणि गोष्टी आणि खेळ सगळं फ्रेंचमधून. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कोरियन शिकवायला २,२०० तासांचा वर्ग धरतं. उलट्या दिशेनं अंतर काही फार कमी नसणार. पाजूच्या आठवड्यात झोप आणि जेवण वगळून फार तर ४०-५० तास मिळत. माझे २०० होते. त्या २०० तासांनंतर मला भाजीवालीशी भाव करता येत होता, बसमध्ये चुकले तर विचारता येत होतं, आणि घरमालकिणीची माफी तीन प्रकारे मागता येत होती. बातम्या मात्र कळत नव्हत्या.

शिवाय शिकवणार कोण, हा प्रश्न होताच. कोरियाच्या व्हिसाचा नियम इंग्रजीच्या 'जन्मभाषक' शिक्षकांसाठी सात देश मोजतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेल्या व्यापार करारानं, जो २०१० च्या जानेवारीत लागू झाला, भारतीय सहायक शिक्षकांना शाळांत यायला एक चिंचोळी वाट दिली. तरी इंग्रजी शिकवणारा म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा चेहरा बदलला नाही. माझ्या त्या मैत्रिणीनं मला पहिल्या भेटीत अगदी निरागसपणे विचारलं होतं, की तुझं इंग्रजी अमेरिकन आहे का ब्रिटिश. मी म्हटलं, सातारी.

पाजूचं पुढं काय झालं? सोन हाक-ग्यू यांच्यानंतर २००६ च्या मध्यात किम मून-सू गव्हर्नर झाले. त्यांना आधी दिसला तो तोटा. अनुदानाशिवाय हे गाव चालणं अवघड होतं. अनुदान कमी करायचं तर फी वाढणार, फी वाढली तर ज्यांच्यासाठी हे बांधलं ती मुलं गळणार. इकडं आड, तिकडं विहीर. ठिकठिकाणची व्हिलेजेस खासगी संस्थांकडे चालवायला गेली, काही बंद पडली. आन्सानचं, सगळ्यांत पहिलं, त्यातच गेलं. पाजूचं आणि याँगप्याँगचं नाव बदललं, इंग्रजीच्या जोडीला विज्ञान, कोडिंग असे विषय आले. मधल्या काळात सरकारनं जेजू बेटावर एक आख्खी 'इंग्रजी शिक्षण नगरी' उभारायला घेतली. लंडनच्या एका नामांकित शाळेची शाखा तिथं २०११ मध्ये उघडली. तिची फी सामान्य घराला ऐकूनच घाम फोडणारी. म्हणजे विलायत देशात आली खरी, पण सहा दिवसांची गरिबाला आणि बारा वर्षांची श्रीमंताला.

यावरून इंग्लिश व्हिलेज हा निव्वळ पैशांचा चुराडा होता, असं म्हणणारे कोरियात पुष्कळ आहेत. मी तितकं म्हणणार नाही. माझ्या मैत्रिणीला त्या सहा दिवसांतलं काय आठवतं, हे मी खोदून विचारलं होतं. तिला नवे शब्द आठवत नव्हते. बँकेची खिडकी आठवत होती. पैसे मागायचं वाक्य तिनं तिथं सपशेल चुकीचं म्हटलं होतं. खिडकीमागच्या बाईंनी ते दुरुस्त केलं नाही, लाल शाई काढली नाही, हसून खोट्या नोटा हातात ठेवल्या. तिच्या आयुष्यात इंग्रजीचं चुकीचं वाक्य पहिल्यांदाच उपयोगी पडलं होतं. शाळेत आणि हागवॉनमध्ये चुकीच्या वाक्याचा फक्त गुण जायचा. ती घरी गेली, आणि सोमवारपासून पुन्हा तेच सुरू झालं.

कारण तिला शेवटी द्यायची होती ती 'सुनुंग', नोव्हेंबरातली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. २०१७ पासून तिच्यातल्या इंग्रजीच्या गुणांची पद्धत सौम्य केली आहे. आता इतरांच्या तुलनेत नव्हे, तर ठरलेल्या गुणांवरून श्रेणी मिळते. पण प्रश्नपत्रिकेचा साचा तोच आहे: वाचायचं आणि ऐकायचं. त्या दिवशी दुपारी एक वाजून गेला की इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू होतो, आणि साधारण अर्धा तास कोरियात एकही विमान उतरत नाही की उडत नाही. आधीच हवेत असलेली विमानं तीन किलोमीटरच्या वर घिरट्या घालत थांबतात, आवाजानं मुलांचा एखादा शब्द हुकू नये म्हणून. पाच लाखांच्या आसपास मुलं वर्गावर्गांत मान खाली घालून कर्ण्यातून येणारं इंग्रजी ऐकतात आणि उत्तराच्या कागदावर गोल काळे करतात. बोलण्याची परीक्षा त्यात नाही.